कट्टा सुरू होऊन तीन आठवडे झाले, रचनेत काय खुपतं ते सांगा

चालक (धागाकर्ता), सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, कट्टा सुरू होऊन आज तीन आठवडे झाले. सदस्य एकशे तीस, धागे एकेचाळीस. त्यातले सत्तावीस माझेच आहेत, तेव्हा त्या आकड्याला फार भाव देऊ नका.

रचनेबद्दल मोकळेपणी सांगाल का? माझ्या स्वतःच्या तीन शंका आहेत. वरची पट्टी गडद निळी आहे, ती डोळ्यांवर येते का? बोधचिन्ह फार लहान झालंय का? आणि रात्री वाचायला काळी पार्श्वभूमी हवी का? गेले सहा महिने मी हेच पान बघतोय, त्यामुळे मला आता त्यात काही दिसेनासं झालंय.

कौतुक नको, चुका हव्यात. (थोडं कौतुक चालेल.)

पायरीवर, सोमवार, रात्री ९:५८

अभिनंदन! पट्टी छान आहे. बोधचिन्ह आजवर पाहिलंच नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून वर जाऊन पाहिलं.

पायरीवर, सोमवार, रात्री ९:५८

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). दोनदा पडला. बटण दाबल्यावर काहीच हललं नाही, म्हणून पुन्हा दाबलं.

तिसरीघंटा, सोमवार, रात्री १०:१५

काळी पार्श्वभूमी हवीच. +१

चालक, सोमवार, रात्री १०:२२

@पायरीवर, सर्व्हर स्वस्तातला आहे, संध्याकाळी जरा दमतो. थोडं थांबलात तर प्रतिसाद जातो.

अर्धविराम, सोमवार, रात्री १०:३१

सर्व्हर दमू दे हो, पण दाबलं गेलंय एवढं तरी बटणाने सांगावं ना. दाबल्याक्षणी ते फिकं करा, त्यावर 'पाठवतोय' असं येऊ द्या आणि उत्तर येईपर्यंत दुसऱ्यांदा दाबता येणार नाही असं करा. अर्ध्या तासाचं काम आहे. 'थोडं थांबा' हे तुम्ही इथे आम्हाला सांगितलंत, बाकीच्या सव्वाशे जणांना कोण सांगणार?

शिरोरेघ, सोमवार, रात्री ११:०५

निळ्या पट्टीबद्दल माझं काही म्हणणं नाही. अक्षरांबद्दल आहे, आणि बरंच आहे.

हा साचा रोमन लिपीसाठी बनवलेला तयार साचा दिसतोय. ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.२ पट आहे. रोमनला ते कसंबसं पुरतं. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. वरच्या ओळीतला 'तू' आणि खालच्या ओळीतला 'र्की' एकमेकांच्या अंगावर आलेत. १.६ करून बघा, पान श्वास घ्यायला लागेल.

दुसरं म्हणजे बटणं. 'प्रतिसाद द्या' या बटणावर साच्याने अक्षरांत मोकळी जागा सोडली आहे. रोमन मोठ्या अक्षरांना ते शोभून दिसतं, पण इथे शिरोरेघेचे तुकडे पडलेत. दात पडल्यासारखं दिसतं. ते अंतर शून्य करा.

तिसरं, पहिल्या पानावर नावं चाळीस चिन्हांवर कापली जातात. याच धाग्याचं नाव तिथे 'कट्टा सुरू होऊन तीन आठवडे झाले, रचनेत का…' असं दिसतंय. रचनेत का? मलाही तोच प्रश्न पडलाय. हे तरी निभावलं, पण त्याखालच्या धाग्याचं नाव 'शब्…' असं पाय मोडून पडलंय. संगणक 'शब्द' हा चार चिन्हांचा मोजतो: श, ब, पायमोडी, द. मध्येच सुरी चालवली की असं होतं. कापायचं काम ब्राउझरवर सोडा, तो अक्षर अर्ध्यात तोडत नाही. त्याहून बरं म्हणजे नाव दोन ओळींपर्यंत येऊ द्या.

आणि पानाची भाषा. आतमध्ये पान इंग्रजीत आहे असं जाहीर केलेलं आहे (पाहिलं मी). अनेक देवनागरी फाँटांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले असतात, पण पान मराठी आहे हे कळल्याशिवाय फाँट ते बाहेर काढत नाही. म्हणून इथे पाकळीच्या 'ल'ऐवजी दंडाचा 'ल' दिसतोय. एका शब्दाचा बदल आहे.

शोधाबद्दल उद्या लिहितो, त्याला वेगळी झोप लागते.

चष्मेवाली, मंगळवार, सकाळी ७:१२

शिरोरेघ यांना अनुमोदन. माझी तक्रार रंगाची आहे, पण पट्टीच्या नाही. लिहिणाऱ्याचं नाव आणि वेळ फिकट राखाडीत आहे. रंग काढून बघितला तर #९९९९९९ निघाला. पांढऱ्यावर त्याचा उठाव (कॉन्ट्रास्ट) साधारण २.८५ ला १ येतो. वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे डब्ल्यूसीएजीत, साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ मागितलाय. #७६७६७६ घेतलात तरी ४.५४ मिळतो आणि दिसायला तो राखाडीच राहतो, तुमची नजाकत बिघडत नाही.

हे मी चष्मा लावून लिहितेय. चष्मा नसला की इथे सगळं निनावी आहे.

ती तीन टिंबंही बघा. तक्रार, संपादन, दुवा हे सगळं त्यांच्याआड लपवलंय आणि ती जेमतेम सोळा पिक्सेलची आहेत. त्याच तत्त्वांच्या ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत दाबायच्या जागेसाठी किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितलंय, आणि बोटासाठी तेही कमीच आहे. काल मी दुवा घ्यायला गेले आणि एका सज्जनांची तक्रार केली. क्षमस्व, पायरीवर.

पायरीवर, मंगळवार, सकाळी ७:४०

ते तुम्ही होतात होय! रात्रभर विचार करत होतो, अभिनंदन म्हणण्यात काय चुकलं.

कानानेवाचतो, मंगळवार, सकाळी ९:०३

मी स्क्रीन रीडर वापरतो, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम. तुमचं पान मला कसं ऐकू येतं ते लिहितो, म्हणजे वेगळं समजावून सांगायला नको.

'दुवा, चित्र. बटण. बटण. बटण. मथळा पहिला स्तर, कट्टा सुरू होऊन तीन आठवडे झाले. चालक. सोमवार. बटण. बटण. बटण.'

ही बटणं कसली हे दाबल्यावरच कळतं. एक आवडीचं असावं, कारण दाबल्यावर आकडा वाढला. मी या धाग्यात कोणाला पसंती दिली असेल तर ती चुकून, राग नसावा. चिन्ह डोळ्यांना पुरेसं असेल, पण त्याला आतून नाव द्या. 'आवडलं', 'उत्तर द्या', 'आणखी पर्याय'. त्याने दिसण्यात तसूभर फरक पडणार नाही.

एक गोष्ट चांगली आहे, तुम्ही कौतुक चालेल म्हणालात म्हणून सांगतो. प्रत्येक प्रतिसाद स्वतंत्र मथळ्यासारखा बांधलाय, त्यामुळे एका कळीने पुढच्या प्रतिसादावर उडी मारता येते. बरेच जण हे करत नाहीत.

चालक, मंगळवार, सकाळी ९:४८

@कानानेवाचतो, ते मथळ्यांचं श्रेय साच्याचं आहे, माझं नाही. खोटं कशाला बोलू. बटणांना नावं आज रात्री देतो.

बाकी सगळं टिपून घेतोय. पट्टीबद्दल अजून कोणी नीट बोललं नाही.

खिडकीपाशी, मंगळवार, दुपारी २:२०

काल मी एक प्रयोग केला. माझ्या आत्याला फोन दिला आणि म्हटलं, हा नवा कट्टा आहे, जे बघशील ते मोठ्याने बोल, मी मदत करणार नाही. मदत न करणं फार अवघड असतं हे आधीच सांगते. माझा हात तीनदा पुढे गेला, तिसऱ्यांदा मी त्यावर बसले.

आत्या वाचते भरपूर, शब्दांची आवड आहे, पण अशा ठिकाणी कधी लिहिलेलं नाही. पहिलं पान उघडलं. तिथे तुमचे चौदा विभाग. ती एकेक वाचायला लागली. 'साहित्य, शून्य धागे. इतिहास, शून्य धागे. विज्ञान, एक धागा, शून्य प्रतिसाद. छायाचित्रण, शून्य.' सातव्या विभागाला थांबली आणि मला म्हणाली, 'अगं, इथे कोणी राहत नाही का?'

मी गप्प.

मग तिला व्युत्पत्तीचा तो धागा सापडला, ज्यात चालकांनी एका शब्दाची चुकीची फोड दिली आहे. (चुकीची आहे. आत्याचं म्हणणं.) लगेच सरसावून बसली. 'प्रतिसाद द्या' दाबलं. चौकट उघडली आणि अख्खं पान एकदम मोठं होऊन डावीकडे सरकलं. ते परत जागेवर आणण्यात एक मिनिट गेलं. नंतर एका बोटाने, जोडाक्षरं शोधत शोधत, पंधरा मिनिटं लिहिलं. चांगलं लिहिलं होतं हो. मूळ शब्द, त्याची जुनी रूपं, अर्थ कसा सरकत गेला. शेवटी चालकांनी नेमकं काय म्हटलंय ते पुन्हा बघावं म्हणून तिने फोनवरचं 'मागे' दाबलं.

गेलं सगळं. विचारलंही नाही, गेलं. ती पुन्हा आत गेली तर रिकामी चौकट आणि त्यात फिकट अक्षरांत 'तुमचे विचार मांडा…'

तिने फोन उपडा ठेवला आणि म्हणाली, 'जाऊ दे, फार महत्त्वाचं नव्हतं.'

चालक, मंगळवार, दुपारी ३:०५

आत्यांना माझ्याकडून सॉरी सांगा. पण 'मागे' दाबल्यावर मजकूर जाणं हे सगळीकडेच होतं ना? आणि चौदा विभाग मी विचार करून ठेवलेत. उद्या हजार सदस्य झाले की सगळं एका ढिगात नको म्हणून.

खिडकीपाशी, मंगळवार, दुपारी ३:११

सगळीकडे होत नाही. आणि होत असलं तरी आत्या सगळीकडे गेली नव्हती, इथे आली होती.

अर्धविराम, मंगळवार, दुपारी ३:३०

पान मोठं होतं त्याचं कारण सांगतो. लिहायच्या चौकटीतलं अक्षर सोळा पिक्सेलपेक्षा लहान असेल, तर आयफोनवरची सफारी चौकटीला हात लावताच पान मोठं करते. तुमचं चौदा आहे. सोळा करा, थांबेल.

मजकूर जाण्यावरही उपाय आहे. दर काही सेकंदांनी चौकटीतलं लिखाण ब्राउझरच्याच साठवणीत टाकायचं, धाग्याच्या क्रमांकासकट. माणूस परत आला की भरून द्यायचं आणि वर लहानसं लिहायचं, 'तुमचा अर्धवट मसुदा'. प्रतिसाद गेला की पुसायचं. सर्व्हरला त्रास नाही. वीसेक ओळी लागतात. मी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

जुनाजाणता, मंगळवार, रात्री ८:५०

चौदा विभागांवर बोलू द्या. मी अशा ठिकाणी वीसेक वर्षं वावरतोय आणि दोन ठिकाणं माझ्या डोळ्यांसमोर ओस पडली, त्यातलं एक असंच.

चालक, तुम्ही हजार माणसांचा वाडा बांधून ठेवलात आणि आत प्रत्यक्ष वावरणारे तीस जण आहेत. ते तीस चौदा खोल्यांत विखुरले की प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच आलोय. तेच तीस ओसरीवर बसवा, गर्दी वाटेल. विभाग नंतर फोडता येतात. एकाच विषयाचे इतके धागे झाले की बाकीचे कंटाळून तक्रार करू लागले, म्हणजे फोडायची वेळ झाली. तोवर तीन ठेवा, किंवा ठेवूच नका.

ते 'शून्य प्रतिसाद' तर आधी काढा. शून्य मोठ्या अक्षरांत छापायची हौस कशाला? पहिला प्रतिसाद आला की आकडा दाखवा. तोवर तिथे 'पहिलं मत द्या' असं काही चालेल, किंवा काहीच नको.

वेबच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेला एक ठोकताळा आहे: अशा जागी शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ कधीमधी लिहितात आणि एकजण बहुतेक सगळं लिहितो. आपल्या भाषेत, नव्वद वाचनमात्र. एकशे तीसांत हिशोब करा.

चालक, मंगळवार, रात्री ९:०२

एक पूर्णांक तीन दशांश. म्हणजे मी, आणि माझा थोडासा भाग.

जुनाजाणता, मंगळवार, रात्री ९:१०

तर त्या नऊ टक्क्यांतल्या बारा जणांची वाट अडवू नका, एवढंच. आत्या त्या बारांतल्या होत्या.

तिसरीघंटा, मंगळवार, रात्री ९:२५

मग सगळं एकदम बदलून टाका ना. नवी रचना, काळी पार्श्वभूमी, प्रतिसादांना बाण, वर-खाली मतं, ज्याला जास्त मतं तो वर.

जुनाजाणता, मंगळवार, रात्री ९:५५

एकदम नको. ऑगस्ट २०१० मध्ये डिग या दुवे वाटायच्या संकेतस्थळाने चौथी आवृत्ती अशीच सगळी एका झटक्यात आणली. नापसंतीचं बटण गेलं, प्रकाशकांना आपले दुवे थेट आत सोडता यायला लागले, आणि लोक उठून रेडिटवर गेले. आधीच्या रचनेतही दोष होते, पण लोकांचे हात त्या दोषांना बसले होते. मी स्वतः ज्या जागी रोज जायचो, तिथेही एका रात्रीत सगळं हललं. सकाळी माझे जुने लेख कुठे गेले हे शोधण्यात तासभर गेला, त्यानंतर मी फारसा फिरकलो नाही. जागेचं नाव सांगत नाही, चालवणारी माणसं भली होती.

आणि बाण तर नकोच, निदान आत्ता. दहा माणसांत मतांना अर्थ नसतो. लवकर लिहिणाऱ्याला मतं जास्त मिळतात कारण तो जास्त वेळ समोर असतो, आणि वर असतो म्हणून आणखी मिळतात.

तिसरीघंटा, मंगळवार, रात्री १०:०१

पण मग चांगला प्रतिसाद चाळीसाव्या क्रमांकावर पडून राहतो त्याचं काय? मी तरी चाळीस वाचत नाही.

शिरोरेघ, मंगळवार, रात्री १०:२०

चाळीस येऊ तर द्या, मग भांडू.

मुद्दा त्या उतरंडीचा आहे. उत्तराला उत्तर दिलं की प्रत्येक पायरी २४ पिक्सेल आत सरकते. काल एका धाग्यात आठव्या पायरीपर्यंत गेलो, म्हणजे १९२ पिक्सेल. माझा फोन ३६० चा. उरले १६८, त्यात 'व्युत्पत्तिशास्त्रीयदृष्ट्या' हा शब्द बसवून दाखवा. मोठ्या पडद्यावर उतरंड बरी दिसते, म्हणून रचनाकारांना आवडते. फोनवर दोन पायऱ्या पुरेत. त्यापुढे सपाट ठेवा आणि कोणाला उत्तर दिलंय त्याची एक ओळ वर दाखवा.

आता शोध. 'दुसऱ्या' शोधून बघा. माझा धागा सापडतो, पायरीवर यांचा नाही, शब्द तोच असून. कारण हा डोळ्यातल्या काजळासारखा र तीन तऱ्हांनी टंकता येतो: ऱ हे एकच चिन्ह घेऊन, र आणि नुक्ता (खालचं टिंब) जोडून, किंवा जुन्या पद्धतीने साधा र, पायमोडी आणि त्यापुढे न दिसणारा जोडक. डोळ्यांना तिन्ही सारखे. युनिकोड या संगणकाच्या अक्षरसंकेतात अशी पर्यायी रूपं एकसारखी करायची सोय आहे, त्या सामान्यीकरणाने पहिले दोन एक होतात, तिसरा होत नाही. तो साठवताना आणि शोधताना आपणच बदलून घ्यावा लागतो. नाहीतर 'सुऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' सगळे दोन-दोन घरांत राहतील.

चालक, गुरुवार, रात्री ११:३०

दोन रात्री बसलो. काय केलं ते सांगतो.

बटणांना नावं दिली. पाठवताना बटण फिकं होतं. ओळींतलं अंतर १.६. राखाडी गडद केला. पानाची भाषा मराठी केली आणि 'ल' खरंच बदलला, मी चार वेळा पान ताजं करून बघितलं. चौकटीतलं अक्षर सोळा. तीन टिंबांना दाबायला मोठी जागा दिली, आणि तक्रार करण्याआधी आता एकदा विचारलं जातं. पायरीवर निर्धास्त राहोत. नावं दोन ओळींत येतात. र चं काम अर्धं झालंय, नवे धागे सापडतात, जुन्यांचं या आठवड्यात करतो.

विभाग चौदाचे तीन केले. हे जड गेलं. विभागांची यादी मी कट्ट्याच्या आधी, पार सुरुवातीला बनवली होती. पान नव्हतं, नाव नव्हतं, तेव्हा वहीत तेवढीच होती. तिच्यावर काट मारताना जरा थांबलो.

मसुदा जपण्याचं कालच चालू केलं. अर्धविराम, आभार. तुमच्या वीस ओळींच्या माझ्या हातून पन्नास झाल्या, पण चालतात.

बाण आणले नाहीत. काळी पार्श्वभूमीही अजून नाही. उतरंडीवर माझं मत पक्कं होत नाहीये, तेव्हा आहे तशीच ठेवली आहे. शिरोरेघ चिडतील.

शिरोरेघ, गुरुवार, रात्री ११:४४

चिडलो. बाकीचं छान झालंय.

कानानेवाचतो, शुक्रवार, सकाळी ८:१५

'आवडलं, बटण. उत्तर द्या, बटण. आणखी पर्याय, बटण.' वाचलं, म्हणजे ऐकलं. यावेळी पसंती जाणूनबुजून दिली आहे.

खिडकीपाशी, शनिवार, दुपारी ४:४०

आत्याला पुन्हा बसवलं. ती तयार नव्हती, 'एकदा लिहून झालंय' म्हणाली. मी म्हटलं, दोनच ओळी लिही. तिने दोन लिहिल्या, मग चार, आणि मग मुद्दाम माझ्याकडे बघत 'मागे' दाबलं. परत आत गेली. होतं सगळं. वर 'तुमचा अर्धवट मसुदा'. त्यावर तिने 'अर्धवट कोणाला म्हणतो हा?' असं विचारलं, तेव्हा शब्द बदलता आला तर बघा.

व्युत्पत्तीच्या धाग्यात तिचा प्रतिसाद आलाय. चालक, तुमची फोड चुकीचीच होती.

आत्या, शनिवार, संध्याकाळी ६:०५

नमस्कार. भाची म्हणाली इथेही लिही, म्हणून लिहिते आहे. बाकी सगळे आपापसात बोलत बसले आणि चालकांनी विचारलं त्याचं उत्तर कोणीच नीट दिलं नाही.

निळी पट्टी डोळ्यांवर येते.